बरकतीची मूठ

"खानुम, झाडाला पानांतून जेवायला घातलं आणि त्याला अजीर्ण झालं, तर ते ओकतं कुठून?"

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरच्या हस्तीने तर हसू दाबायला ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

प्रश्न तोरंजच्या तोंडून निघाला होता, पण त्यामागचं डोकं हस्ती आणि यक्ताचं. सकाळपासून तोरंजने दोघींचे कान किटवले होते. आज पहाटे मुनीरे अम्मेच्या बागेत फवारणी झाली, औषध मी तोललं, मी कालवलं, बाबांनी काय, नुसती नळी धरली! शेवटी यक्ता वैतागून म्हणाली होती, "एवढी झाडांची डॉक्टरीण झालीयेस ना, मग विचार शमसी खानुमना हा प्रश्न. विचारलास तर आलुबुखाराची आंबटपोळी आमच्याकडून. शेपूट घातलंस तर तुझ्याकडून." आणि तोरंज हल्ली शेपूट घालणाऱ्यांतली राहिली नव्हती. गेल्या वर्षापर्यंत फळ्यापुढे उभं राहायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. यंदा विज्ञानाच्या स्पर्धेत तिने रश्त शहरातल्या मुलींना मागे टाकलं आणि तेव्हापासून बाईसाहेब जमिनीवरून चालतच नव्हत्या.

शमसी खानुम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"ते ओकत नाही, तोरंज. तीच तर पंचाईत आहे. आपल्याला जास्त झालं की पोट बाहेर फेकतं. झाडाला ती सोय नाही. पानाने आत घेतलं की घेतलं."

हशा विरला. शमसी खानुमचा आवाज हळू झाला की समजायचं, आता ऐकण्यासारखं काहीतरी येणार.

"आपल्या रूदबारच्या जैतुनाचंच घ्या. कळ्या फुलायच्या आधी पानांवर बोरॉन फवारतात ना? पान ते पितं, आपल्याच साखरेशी बांधतं आणि थेट कळीपर्यंत नेऊन पोचवतं. प्रत्येक झाडाला हे जमत नाही हं, जैतुनाला जमतं. कळीला ते मिळालं नाही की फळ धरतं ते छर्र्यासारखं, मिऱ्याएवढं. ना गर, ना तेल. पण लागतं किती? अगदी थोडं. गरज कुठे संपते आणि विष कुठे सुरू होतं, यांच्यामधली भिंत बोरॉनच्या बाबतीत फार पातळ आहे. मूठभर इकडचं तिकडे झालं, तर पानांची टोकं करपतात, मग कडा. मग पान गळतं, कळ्या झडतात. आणि गंमत कशी बघा, जे पान कळीला जेवण नेऊन देतं, तेच पान तिला विषही नेऊन देतं. तितक्याच मायेने."

मूठभर.

तोरंजचं हसू ओठांवर होतं तिथेच थिजलं. हस्ती मागून तिला कोपराने ढोसत होती, "जिंकलीस गं, जिंकलीस," पण तोरंजला ते कुठूनतरी लांबून, पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटलं. तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पहाटेपासून दोनदा साबणाने धुतला होता. तरी नखांच्या कडेला पांढरी भुकटी अजून तशीच होती.

"आणि खानुम," ती म्हणाली. हा प्रश्न तिला कुणी विचारायला सांगितला नव्हता. "समजा, पडलीच मूठ जास्त? तर?"

"कधी पडली त्यावर आहे. वाऱ्याने औषध पानावर वाळून गेलं असेल तर पान ते फारसं पीत नाही. पण रात्री दव पडलं की ते पुन्हा ओलं होतं आणि पान पुन्हा प्यायला लागतं. तेव्हा दव पडायच्या आत साध्या पाण्याने झाड धुऊन काढायचं. आत गेलं ते गेलं. बाहेर आहे तेवढं तरी निघतं." खानुमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "का गं?"

"काही नाही, खानुम. असंच."

आयुष्यात इतकं धडधडीत खोटं ती पहिल्यांदाच बोलली असेल.

*

आता मुठीची गोष्ट.

हमरस्त्याला तोरंजच्या बाबांचं, इरजआगांचं, जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, दुकान होतं. काचेच्या बरण्यांत खारवलेली हिरवी जैतुनं, शेजारी अक्रोड-डाळिंबात मुरवलेली, मागे तेलाचे डबे. बाबा काट्यावर माल तोलायचे, काटा स्थिर झाला की बाजूला सरायचे आणि मग पोरीने पुढे व्हायचं. तोरंज चालायला लागली तेव्हापासूनचं हे तिचं काम: तोललेल्या मालावर आणखी एक मूठ टाकायची. बरकतीची. तेहरानचं गिऱ्हाईक खूश व्हायचं, म्हणायचं, "वा, काय हात आहे!" घरातही तेच. तांदळाच्या मापावर मूठ, मिठाच्या पाण्यात मूठ, चहाच्या भांड्यातसुद्धा शेवटी चिमूटभर जास्तीच. बरोब्बर मापून थांबणारा माणूस त्यांच्या घरात कंजूष ठरायचा.

मुनीरे अम्मे ही तोरंजची आत्या, बाबांची थोरली बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रश्तला गेली होती. तिचं मागेपुढे कुणी नव्हतं, होती ती टेकडीच्या उतारावरची जैतुनाची बाग. तिच्या सासऱ्यांनी लावलेली झाडं, नवरा त्यांच्याच सावलीत गेला. गेल्या वर्षी त्या झाडांना सगळी छर्र्याची फळं धरली होती. अम्मे टोपलीत हात घालून ती मिऱ्याएवढी फळं बोटांतून सोडत राहिली, नुसती सोडत राहिली, आणि काही बोलली नाही. यंदा कृषी खात्याच्या माणसाने सांगितलं, कळ्या उमलायच्या आधी बोरॉन आणि जस्त फवारा. जाताना अम्मे बाबांना म्हणाली होती, "इरज, झाडं तुझ्यावर सोडून चाललेय. माझ्यापाशी दुसरं काही नाही."

आणि तोरंज मध्येच म्हणाली होती, "माझ्यावर सोड ना, अम्मे! मापाचं सगळं मी बघते!"

पहाटे, वारा उठायच्या आत, तिने दुकानातल्या काट्यावर भुकटी तोलली. काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. बागेत नेऊन पिंपातल्या पाण्यात ओतली, काठीने ढवळली. बाबा नळी जोडायला वर गेले होते. भुकटी पांढरी, मिठासारखी. हात आपोआप पिशवीत गेला, आपोआप मूठ भरली, आपोआप पिंपावर उघडली. तिला ते आठवत होतं. मूठ टाकताना ती मनात म्हणाली होती, "अम्मेच्या झाडांसाठी."

मग अर्ध्या ओळी फवारून झाल्या, वारा उठला, बाबांनी पंप बंद केला. उरलेलं पिंप गोणपाटाने झाकून अंजिराखाली ठेवलं. "बाकीचं संध्याकाळी, वारा पडला की," बाबा म्हणाले होते.

संध्याकाळी!

*

शाळा सुटली तशी तोरंज पळाली. यक्ता मागून ओरडली, "अगं, आंबटपोळी घे की! पैज हरलोय आम्ही!" तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मंजीलच्या खिंडीतून येणारा वारा एव्हाना अंगात आला होता. पलीकडच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या वेड्यासारख्या फिरत होत्या, सफीदरूद नदीच्या पात्रातली धूळ उभी राहत होती. रस्त्यावरून टेकडीकडे नजर गेली आणि तोरंज जागीच थबकली. अम्मेची अख्खी बाग पांढरी पडली होती.

तिला रडूच फुटलं. मग वारा क्षणभर थांबला आणि बाग पुन्हा हिरवी झाली. पानांची खालची बाजू होती ती. जैतुनाचं पान वाऱ्यात उलटलं की चांदीसारखं दिसतं, हे जन्मल्यापासून रोज पाहत आलेली पोरगी ती. पण घाबरलेल्या माणसाला रोजचंही ओळखू येत नाही.

ती धापा टाकत चढली. पहिल्याच झाडाची फांदी खाली ओढली. पानांवर पांढरे कण वाळून बसले होते, समुद्राचं पाणी खडकावर वाळतं तसे. बोट फिरवलं तर बोटाला लागले. एका पानाचं टोक तपकिरी होतं. आजचं? की गेल्या थंडीतलं? दुसरं पान पाहिलं. त्याचंही टोक तपकिरी. तिसऱ्याचं नाही. चौथ्याचं... थोडंसं. तिने धावत जाऊन न फवारलेल्या ओळीतलं एक झाड पाहिलं, तर तिथेही एक-दोन टोकं तपकिरी निघाली. हे बरं की वाईट, तिला कळेना. कळ्यांचे घोस अजून राळ्याच्या दाण्यांएवढे, मिटलेले. पान त्यांना आत्ता, या घटकेला, काय नेऊन देत असेल? तितक्याच मायेने.

अंजिराखाली पिंप उभं होतं. गोणपाटाचं एक टोक वाऱ्यात फडफडत होतं.

आणि तोरंजला सुचलं.

वाऱ्याने पिंप कलंडलं तर? मंजीलच्या वाऱ्याने काय काय नाही उलथवलं आजवर! दुकानाची पाटी उडवली होती, शेजारच्या हाजींचं कोंबड्यांचं खुराडं नदीत नेऊन टाकलं होतं. कुणी शंका घेणार नाही. बाबा कपाळाला हात लावतील, वाऱ्याला चार शिव्या हासडतील आणि नवीन औषध आणतील. पुन्हा कालवायचं, या वेळी बरोब्बर मापून. मूठ कुणालाच कळणार नाही. "हिच्यावर काय सोडायचं" असं कुणी म्हणणार नाही.

तिने दोन्ही हात पिंपाच्या कडेला टेकवले. पिंप जड होतं. तिने जोर लावला, पिंप हललं, आतलं पाणी डुचमळलं. आणखी थोडा जोर, की झालं.

डोक्यावरून फांद्यांचा सरसराट गेला. तिने वर पाहिलं. फवारलेल्या ओळी वाऱ्यात चांदी उधळत होत्या, प्रत्येक पानावर तिची ती मूठ वाळून बसलेली. पिंप कलंडेल, पण ही पानं? वाऱ्याने पिंप पाडलं म्हटल्यावर यांना धुवायचं कोण? आणि का धुवायचं, हे कुणाला ठाऊक? सूर्य डोंगरामागे जाईल, वारा पडेल, दव उतरेल, आणि झाडं रात्रभर निमूटपणे पीत राहतील.

तिने हात काढले. मग ती उतारावरून अशी सुटली की दोनदा गुडघे फोडून घेतले.

*

दुकानात बाबा एका गिऱ्हाइकाला अक्रोडवाल्या जैतुनाची चव देत होते. आई, ताहिरे खानुम, चहाच्या सामोवारपाशी बसून बरण्यांना फडकं बांधत होती.

"बाबा, दुकान बंद करा."

"सलाम नाही, दुआ नाही, एकदम दुकान बंद?" बाबा हसत गिऱ्हाइकाकडे वळले. "आमची शास्त्रज्ञ आहे ही. चव बघा तुम्ही, हिचं चालू द्या."

"बाबा, बंद करा ना!"

आवाज चिरकला. गिऱ्हाइकाने तिच्या फुटलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, पुडी न घेताच "येतो नंतर" म्हणून सटकलं. बाबांचा चेहरा बदलला.

"कुणी काही बोललं का तुला? शाळेत काही झालं?"

"मी अम्मेच्या पिंपात मूठ टाकली." एकदा तोंड उघडल्यावर मग ती थांबलीच नाही. "बरकतीची. तोलल्यावर. सवयीने. आणि शमसी खानुम म्हणाल्या की मूठभर जास्त झालं तर पानं करपतात, कळ्या झडतात, झाडाला ओकता येत नाही, आणि दव पडायच्या आत धुतलं तर काही निघेल, नाहीतर रात्रभर ती पितील, आणि तुम्ही संध्याकाळी उरलेलं फवारणार आहात, आणि अम्मेपाशी दुसरं काही नाहीये, बाबा!"



आता बाबा ओरडणार. तोरंजने खांदे आवळून घेतले. ओरडा, मारा, पण उठा.

बाबा ओरडले नाहीत. ते आईकडे बघत होते. आणि आई हातातल्या फडक्याकडे.

"केवढी मूठ?" आईने विचारलं.

"एवढी." तोरंजने मूठ दाखवली.

"अगं बाई," आई म्हणाली आणि फडकं तिच्या हातून गळलं. "मी चहा घेऊन वर आले होते ना पहाटे... तुम्ही दोघं नळीशी खटपट करत होता. म्हटलं, मुनीरेची झाडं, बिचारी अशक्त. मीपण टाकली."

"आई!"

"तू नको आई आई करू, तूसुद्धा टाकलीस ना!"

तोरंज बाबांकडे वळली. "पण म्हणजे दोनच मुठी, बाबा. दोन म्हणजे..."

बाबा तेलाच्या डब्यावर बसले. सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखे. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"तीन," ते म्हणाले.

तोरंजला वाटलं होतं, सांगून टाकलं की भीती अर्धी होईल. ती तिप्पट झाली. आजवर कशाचीही भीती वाटली की ती या माणसाच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची. आज त्याच माणसाचा चेहरा राखेसारखा झाला होता. मागे उभं राहायला जागाच उरली नव्हती.

"इरज, बसलास काय!" आईने डोक्याची ओढणी घट्ट आवळली. "पोरीने सांगितलं ना, दव पडायच्या आत. ऊठ!"

*

बागेच्या माथ्यावर पाण्याची टाकी होती. बाबांनी पंपाला हात घातला, तशी तोरंज किंचाळली, "थांबा! नळीत सकाळचंच आहे. आधी ती धुवा." बाबांनी मुकाट्याने नळी मोकळी केली, साधं पाणी खडकावर पुष्कळ वाहू दिलं. मग पहिल्या झाडावर धार सोडली.

वाऱ्याने ती धार उचलली आणि तिघांच्या तोंडावर मारली.

"या बाजूने नको," आई ओरडली, "वाऱ्याच्या अंगाने ये! आयुष्य गेलं मंजीलच्या वाऱ्यात, आणि अजून अक्कल नाही!"

"तू धर मग नळी, सेनापतीण!"

"आण इकडे!"

आईने खरंच नळी घेतली. बाबा फांद्या वाकवून धरत होते, तोरंज पानं वरून-खालून चोळत होती. पाणी बाह्यांतून काखेपर्यंत जात होतं, दात वाजत होते. एक झाड झालं की दुसरं. पांढरे कण विरघळून जायचे, पान काळपट हिरवं चमकायचं, आणि तिला प्रत्येक वेळी वाटायचं, हे निघालं, पण आत किती गेलं? झाडाला विचारायची सोय नाही. ते सांगतही नाही आणि ओकतही नाही. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला. वारा मंदावायला लागला. एरवी या वेळी घरोघरी हुश्श व्हायचं, दारं उघडायची. आज तिला वाटत होतं, वाऱ्या, अजून थोडा वाहा, दवाला खाली येऊ देऊ नकोस.

शेवटच्या झाडापर्यंत पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. त्या खोडाला अम्मेने नवी नवरी असताना कधीतरी बांधलेला हिरवा दोरा होता, खोड त्याच्या भोवतीने फुगलं होतं. बाबांनी ते झाड एकट्याने, हातांनी धुतलं. पान न् पान. तोरंजने गालाला हात लावून पाहिला. हवा ओलसर झाली होती. दव उतरत होतं.

उरलेलं पिंप बाबांनी खाली ओसाड दगडांत, झाडांपासून लांब नेऊन रिकामं केलं.

"कळणार कधी?" आईने विचारलं.

"आठवड्याभरात," तोरंज म्हणाली. "टोकं करपली तर."

तिघं दगडी बांधावर बसली. ओली, गारठलेली. बाबांनी तिच्या खांद्यावर आपला कोट टाकला, तोही ओलाच.

"मी मोजून थांबायला शिकलोच नाही," ते म्हणाले. "लोक म्हणायचे, इरजचा हात मोठा. मला बरं वाटायचं."

आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला.

कुणाचा, ते बघायची गरज नव्हती. रश्तच्या इस्पितळात रात्रीचं जेवण आलं की अम्मे फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला: माझी झाडं कशी आहेत?

बाबा फोन हातात धरून बसले. उजेड त्यांच्या ओल्या चेहऱ्यावर पडत होता.

"आज नको सांगू," आई हळूच म्हणाली. "तिचा गुडघा अजून ताजा आहे. झोप उडेल तिची. छान आहेत म्हण. आठवड्याने बघू."

"हो," बाबा म्हणाले. "आठवड्याने बघू." पण त्यांचा अंगठा हलत नव्हता. भावाने बहिणीशी खोटं बोलायचं तर त्यालाही जोर लागतो.

तोरंजला पिंपाची कड आठवली, तळहातांना लागलेली. आणखी थोडा जोर, की झालं. अम्मे काय म्हणेल? काही म्हणणारच नाही. गेल्या वर्षी टोपलीतल्या फळांपुढे काही म्हणाली नव्हती, तशीच गप्प होईल. त्या गप्प राहण्याचीच सगळ्यात जास्त भीती होती.

तिने बाबांच्या हातातून फोन काढून घेतला आणि उठून उभी राहिली.

"मी सांगणार आहे तिला," ती म्हणाली. "आत्ता. तिन्ही मुठींचं, माझी सगळ्यात आधी. झाडं तिची आहेत, काळजीही तिलाच करू द्या. आणि आई, बाबा, नीट ऐका, उरलेल्या ओळींचं औषध मीच कालवणार. काट्यावर तोलून, काटा सांगेल तेवढंच. त्या वेळी तुम्ही दोघं बागेच्या फाटकाबाहेर उभं राहायचं, हात खिशात घालून."